रुग्णालयातून न्यायालयाकडे



बी.एस्सी. नर्सिंग करून मी अकोल्यात परिचारिका होते. आज अमरावतीत कायदा शिकते आहे. "हातची नोकरी सोडून हे काय?" असे घरचे विचारतात.

एका रात्रपाळीला मारहाण झालेली मजूर बाई आली. तिचा दात तुटला होता. मी रक्त पुसले, औषध दिले. कागदावर मात्र "ओठाला जखम" एवढेच लिहिले गेले. हाड मोडले किंवा दात तुटला, तर कायद्याने ती गंभीर दुखापत ठरते. पूर्वी दंड संहितेचे कलम ३२० होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ११६ आहे. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. तो दात न्यायालयापर्यंत पोहोचलाच नाही.

अर्थशास्त्राचे पंडित बाबासाहेब यांनी १९२३ साली मुंबईत वकिली सुरू केली. आधीचे शिक्षण वाया जात नाही. कोणत्याही पदवीनंतर तीन वर्षांत एलएल.बी. होता येते. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो. पण त्या वकिलाला जखमेचा कागद वाचता आला पाहिजे.

तो वाचण्यासाठीच मी कोर्टात उभी राहणार आहे. जय भीम!