गोठ्याची कर्मशाळा



कुंभकोणमजवळ तिरुक्करुगावूर नावाचे एक गाव आहे. तेथे आमच्या घराच्या परसात लाकडी खांबांचा एक जुना गोठा उभा आहे. भोसल्यांच्या राज्यात कावेरीच्या या मुलुखात आलेली अनेक मराठी घराणी १८५५ साली ते राज्य संपल्यानंतरही येथेच राहिली. आमचे घराणे त्यांपैकीच. गोठ्यातली गुरे मात्र केव्हाच गेली. मागे उरले सहा खांब, ताडाचे वासे, नळीची कौले आणि अडगळ.

माझा भाचा सुतारकाम शिकून घरी आला आणि त्याला कामासाठी जागा हवी झाली. तंजावरच्या सोनेरी वर्खाच्या चित्रांचे नाव आपण ऐकले असेल. भोसल्यांच्या आश्रयाने ती कला बहरली. पूर्वी ही चित्रे फणसाच्या फळीवर कापड चिकटवून काढीत. आता बहुधा प्लायवूड वापरतात, तथापि फणसाची फळी मागणारे चित्रकार अजून आहेत. अशा फळ्या तयार करण्याचा भाच्याचा बेत होता. गवंड्याने सल्ला दिला, गोठा पाडा आणि काँक्रीटची खोली बांधा. मलाही ते पटले होते.

भाचा म्हणाला, ‘‘मामा, पाडण्यापूर्वी एकदा आसारींना दाखवू या.’’ मराठीत आचारी म्हणजे स्वयंपाकी, पण तमिळमध्ये आसारी म्हणजे सुतार. वृद्ध आसारी आले. प्रत्येक खांब त्यांनी हातोडीने वाजवून पाहिला आणि जमिनीलगतच्या लाकडात टोच्या खुपसला. वर टणक नाद येई. खाली मात्र दोन खांबांत टोच्या लोण्यात शिरावा तसा शिरला. उरलेले चार खांब आणि सर्व तुळया खणखणीत होत्या.

दोनच खांब का कुजावेत? कारण खांब ज्या दगडी तळखड्यांवर उभे होते, त्यांपैकी दोहोंभोवती मीच काही वर्षांपूर्वी सिमेंट लिंपले होते. बळकटी येईल, ही माझी समजूत. परंतु लाकडातील ओलावा साधारण वीस टक्क्यांखाली राहिला तर त्याला कूज लागत नाही. पाणी आत गेले तरी बाहेर पडण्यास वाट हवी. सिमेंटने ती वाटच बुजविली आणि ओलाव्यामागून वाळवी आली. रक्षण करावयास गेलो आणि घात करून बसलो.

दुरुस्तीचा मुहूर्तही तेथील आभाळ पाहून धरावा लागला. महाराष्ट्रात ज्येष्ठ-आषाढात पाऊस येतो. कावेरीकाठी मुख्य पाऊस पडतो तो आश्विन-कार्तिकात. म्हणून पोंगल, म्हणजे आपली संक्रांत, उलटल्यावर काम काढले. प्रथम कौले उतरवून छपराचा भार कमी केला. तुळईखाली धिरे देऊन ती केसभर उचलली. खांबांचा कुजका भाग चांगले लाकूड लागेपर्यंत कापला आणि तेथे तिरकस सांध्याने नवा तुकडा जोडून लाकडी खुंट्या ठोकल्या. ‘नवा’ म्हटले तरी ते लाकूड एका मोडलेल्या घराचे होते. ओले लाकूड पुढे आकसते आणि सांधा सैल होतो. तळखडे वीतभर उंच केले, सिमेंट फोडून टाकले आणि जोत्याचे दर्जे चुन्याने भरले.

आता खरा पेच पडला. मधली आडवी तुळई भाच्याच्या डोक्याला लागे. लांब फळ्या उभ्या करता येत नसत. ती कापावी असा त्याने हट्ट धरला. आसारींनी करवत खाली ठेवली आणि एवढेच म्हटले की, तुळई कापायची असेल तर मला निरोप द्या. त्या रात्री मामा-भाच्यांत बरेच बोलणे झाले. छपराचा भार खांबांना बाहेर रेटीत असतो आणि ही तुळई दोन्ही बाजूंचे खांब एकमेकांशी बांधून ठेवते. ती गेली तर एखाद्या वादळात सारा सांगाडा पसरेल. २०१८ च्या नोव्हेंबरात गज चक्रीवादळाने तंजावर जिल्ह्यातील नारळाच्या बागा आडव्या केल्या, त्याची आठवण ताजीच होती. अखेर तुळई राहिली. ठेपा सरकला, फळ्या उभ्या न ठेवता आडव्या रचल्या गेल्या.

आणि मग ध्यानात आले की, फळ्या आडव्याच रचावयास हव्या होत्या. मध्ये रिपा घालून, वारा खेळेल अशा सावलीत त्या हळूहळू सुकल्या की वाकत नाहीत. काँक्रीटच्या तापलेल्या खोलीत त्या तडकल्या असत्या. गुरांसाठी उघड्या ठेवलेल्या बाजू लाकडालाही मानवल्या. भुशाला आग लवकर लागते, म्हणून विजेच्या तारा लोखंडी नळीतून नेल्या आणि वाळूच्या बादल्या दाराशी ठेवल्या. करवतीचे यंत्र जमिनीत स्वतंत्र पायावर बसविले. त्याची थरथर खांबांना पोहोचू नये हा हेतू.

जुने ते सारेच सोने, असे मी म्हणणार नाही. बरेच वासे आम्हांला टाकावे लागले. परंतु पाडण्याचा निर्णय घेण्यापूर्वी खांब वाजवून पाहावा, इतके मात्र सांगतो. आणि दुरुस्त केलेली वास्तू रिकामी ठेवू नये. माणसाचा रोज वावर असला म्हणजे गळणारे कौल त्याच दिवशी दिसते, वाळवीची माती त्याच दिवशी झाडली जाते.

आमच्या गावच्या नावात ‘करु’ म्हणजे गर्भ. येथील गर्भरक्षांबिकेच्या दर्शनाला दुरून स्त्रिया येतात. जे अजून जन्माला यावयाचे आहे त्याला जपणारे हे गाव. मी गोठ्याकडे केवळ गतकाळाची अडगळ म्हणून पाहत होतो. आज सकाळी तेथून रंध्याचा आवाज येतो, तेव्हा वाटते, थोडक्यात चुकलो असतो.