न आलेल्यांचेही स्वागत



स्वागताध्यक्षाने मांडव, चहा आणि जेवण सांभाळावे आणि बोलताना आवरते घ्यावे, असा संकेत आहे. चहा-जेवणाची व्यवस्था चोख आहे. आवरते घेण्याचा प्रयत्न करतो.

फ्लूच्या साथीची तयारी या विषयावरची परिषद स्वारगेटला का, असे मला काहींनी विचारले. मी म्हटले, मग कुठे? पूर्वी इथल्या नाक्यावर घोडेस्वारांची चौकी होती, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. आता चौकी नाही आणि स्वारही नाहीत. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडची एसटी इथे लागते, शहरभरची पीएमपी इथे वळते आणि सप्टेंबर 2024 पासून जमिनीखालून मेट्रोही येते. 1918 चा इन्फ्लुएंझा मुंबई बंदरात उतरला आणि रेल्वेने देशभर गेला. एकट्या हिंदुस्थानात त्याने एक कोटीहून अधिक माणसे नेली. पुढची साथ आली, तर तीही तिकीट काढून आपल्याच फलाटावर उतरेल.

पुण्याला साथी नव्या नाहीत. 3 ऑगस्ट 2009 रोजी स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला तो या शहरात, एका शाळकरी मुलीचा. 9 मार्च 2020 रोजी राज्यातले पहिले करोना रुग्ण सापडले तेही इथेच. दोन्ही वेळा नायडू रुग्णालयाचे नाव घरोघरी पोचले. विषाणू ओळखणारी राष्ट्रीय संस्था 1952 पासून आपल्या गावात आहे. लस बनवणारी सीरम हडपसरला आहे; स्वाइन फ्लूवरची नाकात फवारायची लस तिने 2010 मध्ये बाजारात आणली. एवढे सगळे हाताशी असताना आपले अडते कुठे, ते मी माझ्याच दुकानातल्या एका वहीवरून सांगतो.

माझे मोटारींच्या सुट्या भागांचे दुकान आहे, मागे लहानसे गॅरेज, माणसे चौदा. ऑगस्ट 2009 मध्ये शाळा, कॉलेजे, चित्रपटगृहे बंद झाली होती. मास्क मिळत नव्हते म्हणून लोक नाकाला रुमाल बांधत, कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी हुंगत. मीही गल्ल्याशेजारी पुरचुंड्यांची परडी ठेवली होती आणि आपण फार काळजी घेतो अशा समजुतीत होतो. एका सकाळी आमचा एक जुना मेकॅनिक गाडीखाली आडवा होऊन काम करत होता. पाना हातातून दोनदा पडला. मी हात लावून पाहिला तर अंग तापाने फणफणलेले. ‘अरे, घरी का नाही थांबलास?’ त्याने गाडीखालूनच उत्तर दिले, ‘शेठ, या महिन्यात दोन खाडे झालेत.’

खाडे मांडायची ती लाल रेघांची वही माझीच होती. त्या आठवड्यात आमच्यातले पाचजण आजारी पडले आणि दुकान चार दिवस बंद राहिले. दोन दिवसांची मजुरी वाचवणाऱ्या वहीने मला चार दिवसांचा धंदा घालवून दाखवला. सुदैवाने सगळे बरे झाले. सुदैवाने, हा शब्द मी मुद्दाम वापरतो. त्यात माझे कर्तृत्व काहीच नव्हते.

तेव्हापासून मला 1897 चा प्लेग वेगळा दिसू लागला. प्लेग अधिकारी रँडच्या अमलात गोरे शिपाई घरात घुसून रुग्ण शोधत, म्हणून लोक रुग्ण लपवत. त्याच वर्षी 10 मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. एकीकडे दार ठोठावणारा शिपाई, दुसरीकडे रुग्णाला उचलून दवाखान्यात नेणारी माउली. कोणासाठी दार आपणहून उघडले असेल, ते सांगायला नको. आजार सांगितला की नुकसान होते, असे वाटले की माणूस आजार लपवतो. तेव्हा भीती शिपायाची होती, माझ्या दुकानात खाड्याची होती.

डॉक्टर मंडळी सांगतात की फ्लू झालेला माणूस लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच तो पसरवू शकतो, आणि औषधाशिवाय ताप उतरून चोवीस तास झाल्याखेरीज त्याने कामावर येऊ नये. हे पाळायचे, तर घरी बसणे त्याला परवडले पाहिजे. राज्य कामगार विमा योजनेत नोंदलेल्या पात्र कामगाराला आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत मजुरीच्या 70 टक्के रक्कम मिळते. आपल्यातल्या किती मालकांनी माणसांची नोंद केली आहे, हे ज्याने त्याने मनात मोजावे. रिक्षावाला, टपरीवाला, धुणीभांडी करणाऱ्या ताई यांना तर तेही नाही. त्यांच्यासाठी प्रत्येक पेठेत, प्रत्येक बाजारात आजारपणाचा निधी हवा. वर्गणी कशी जमवायची, हे पुण्यातल्या मंडळांना शिकवावे लागत नाही.

आणखी दोन साध्या गोष्टी. प्रत्येक कामाला बदली माणूस आत्ताच ठरवा: शटरची किल्ली कोणाकडे, बँकेत सही कोणाची, डेपोत पहिल्या पाळीचा चालक पडला तर गाडी कोण काढणार. आणि प्रत्येक मंडळाने आपल्या गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची यादी करावी, दर वर्षी त्यांना फ्लूची लस टोचून घ्यायला नेणाऱ्या कार्यकर्त्याच्या नावासह. साथ आल्यावर यादी करायला बसलो, तर उशीर झालेला असेल.

माझ्या दुकानात आता तापाचे पहिले तीन दिवस खाडा मांडत नाही. लोक फसवतील, असे मला पुष्कळांनी बजावले. एक-दोघांनी फसवलेही. तरी हिशेब माझ्या फायद्याचाच राहिला.

आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. सभागृहात काही खुर्च्या रिकाम्या दिसत असतील. आमंत्रणपत्रिकेत आम्ही खाली एक ओळ छापली होती: ताप-खोकला असल्यास कृपया येऊ नये. काल संध्याकाळपासून नऊ जणांनी फोन करून ‘येत नाही’ कळवले. त्यांच्या नावाच्या खुर्च्या आम्ही हलवल्या नाहीत. त्यांचा डबा संध्याकाळी घरी पोचेल, दाराबाहेर ठेवू. या परिषदेचा पहिला ठराव त्या नऊ जणांनी घरी बसून आधीच अमलात आणला आहे. स्वागताध्यक्ष म्हणून मी त्यांचेही स्वागत करतो.