ड्रायर आला, पण बोट कुणाचं?

मी मुरूड-रेवदंडा पट्ट्यातल्या एका कोळीवाड्यातून बोलते आहे. आमचा बचत गट सुकी मासळी करतो. जवळा, सोडे, बोंबील, मांदेली. यंदा गटात सोलर ड्रायर घ्यायचा ठरला, आणि घरोघरी भांडण लागलं. सासवा म्हणाल्या, ऊन फुकट असताना त्या काचेच्या खोलीला पैसे कशाला? सुना म्हणाल्या, फुकट कुठलं? दिवसभर काठी घेऊन कावळे-कुत्री हाकायला आम्हीच बसतो ना!

दोघींचंही खरं होतं. नोव्हेंबरात अवकाळी पाऊस आला की वलांडीवरचे बोंबील काढेपर्यंत भिजतात, आणि एकदा भिजलेला बोंबील पुन्हा वाळला तरी त्याला भाव नाही. जमिनीवर पसरलेल्या जवळ्यात रेती येते. गिऱ्हाईक घरी जाऊन जवळा धुतं, दाताखाली कचकच लागली की पुढच्या वेळी दुसरीकडे जातं.

त्याच महिन्यात मी दोन भाषणं ऐकली. एका प्रशिक्षणात साहेब म्हणाले, "आता जुन्या पद्धती विसरा." आणि एका कार्यक्रमात पाहुणे म्हणाले, "तुम्ही बायकांनी परंपरा जपली म्हणून संस्कृती टिकली." टाळ्या झाल्या. मला दोन्ही वेळी राग आला. पहिल्या वेळी का, ते पुढे सांगते. दुसऱ्या वेळचा आधी सांगते.

आमच्या पुरुषांची शिडं गेली, इंजिनं आली. सुताची जाळी कुजू नये म्हणून सालीच्या काढ्यात बुडवून काढायचे, ते सगळं नायलॉन आल्यावर सुटलं. कुणी त्यांना म्हणालं का, की दादा, शीड जपा, सुताचं जाळं जपा? नाही. आणि बरंच झालं, सोप्या झालेल्या कामाचं वाईट कशाला वाटून घ्यायचं? मग बाईच्या डोक्यावरची टोपलीच तेवढी परंपरा कशी? टोपली मी आनंदाने खाली ठेवीन. वाकून वाकून रेतीवर जवळा पसरायचा, तेही सोडीन. ते कौशल्य नव्हे, ती नुसती मोडलेली कंबर.

पण सगळंच टोपलीसारखं नसतं, हे आम्हाला ड्रायरनेच शिकवलं.

पहिल्याच खेपेला आम्ही दोन टोपल्या सोडे आत ठेवले, दारं घट्ट लावली. आत भट्टीसारखी धग. संध्याकाळी बघतो तर सोडे वरून कडक, रंगही छान. डब्यात भरले. आठवड्याने डबा उघडला तर वास! आतून ओलेच राहिले होते. सगळा माल फेकला. सुना रडवेल्या झाल्या, सासवा मात्र जरा खुशीत होत्या, खोटं का बोलू.

माझ्या सासूबाईंनी एक सोडा उचलला, नखाने दाबला आणि म्हणाल्या, "आगो, पहिल्याच दिवशी एवढा ताव दिलात? वरून कवच धरलं, आतलं पाणी बाहेर कुठून येणार?" त्यांनी सांगितलं की पहिल्या दिवशी मासळीला ऊन कमी चालतं, वारा जास्त लागतो. पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून येतो, कोरडा असतो. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटला की तो ओल घेऊन येतो, तेव्हा माल झाकायचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कडक ऊन. झालेला सोडा मोडला तर कट्कन आवाज येतो, नुसता वाकला तर अजून ओल आहे.

मग आम्ही पहिल्या दिवशी ड्रायरच्या झडपा उघड्या ठेवायला लागलो, दमट हवा बाहेर जाऊ दिली, आणि दुसऱ्या दिवसापासून लावून घेतल्या. माल टिकला. यंत्र तेच, बोट सासूबाईंचं. साहेबांनी जे विसरायला सांगितलं होतं, ते विसरलो असतो तर यंत्रही वाया गेलं असतं. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांतही असंच आहे बघा. अंग साच्यातून निघतं, रंग यंत्राने मारतात, पण डोळ्यांची आखणी हाताने होते. तिथे हात चुकला की सगळी मूर्ती गेली.

आता भरती-ओहोटीचं. हल्ली पोरी मोबाइलवर वेळ बघतात. मीही बघते. पण 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, वटपौर्णिमेच्या दोन दिवस आधी, तेव्हाची गोष्ट आठवा. पत्रे उडाले, झाडं पडली, वीज गेली ती कित्येक दिवस आली नाही, मोबाइल मुके झाले. बाजार बंद. घरात खायला हवं, तर खाडीत तिसऱ्या-खुबे वेचायला जायचं, पण पाणी कधी सुकणार?

सासूबाईंनी बोटांवर मोजलं. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. द्वितीया असेल तर दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दीड वाजता भरती, आणि सहा तासांनी साडेसातला सुकती. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायला लागायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, खाडीत आत गेलात तर आणखी उशीर. पण उधाणाच्या दिवसांत पाणी लांब जातं आणि अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा जाऊन हात हलवत यायचं, हे त्या हिशोबातच आलं. आम्ही साडेसातला गेलो आणि टोपली भरून आलो.

हा हिशोब माझ्या मुलीला येत नव्हता. मलाही अर्धवटच येत होता, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. सासूबाईंनीही आपण होऊन सांगितलं नाही. त्यांना वाटायचं, शिकलेल्या सुनेला याचं काय.

आता गटात आम्ही असं केलंय. बोंबील बाहेर वलांडीवरच, जबड्यात जबडा अडकवून, कारण त्याला वाराच मानवतो. जवळा आणि सोडे ड्रायरमध्ये. आणि ड्रायरच्या पाळीला एक तरुण आणि एक म्हातारी अशी जोडी लावतो. म्हातारीलाही पाळीचे तेवढेच पैसे, हे मात्र भांडून घेतलं. काही जणी म्हणाल्या, ती नुसती बसून तर असते. मी म्हटलं, दोन टोपल्या सोडे फेकले तेव्हा ती बसलेली नव्हती, आठवतं ना?

येत्या पौर्णिमेनंतरच्या तृतीयेला सकाळी सव्वाआठला सुकती आहे. माझी मुलगी मोबाइल घरी ठेवून येणार आहे. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर खाडीच्या धक्क्यावर भेटू, जुन्या चपला घालून या, कालवांनी पाय कापतात.