मोटारीची निगा : गरजेची आणि गळ्यांत पडणारी

मोटार विकत घेतांना मनुष्य जितका सावध असतो, तितका ती निगेसाठीं कारखान्यांत सोडतांना राहत नाहीं. विकत घेण्यापूर्वीं तो चार दुकानें हिंडतो, दहा माणसांस विचारतो, घरांतील मंडळींचा कौल घेतो. परंतु पुढें दरवर्षीं तीच मोटार विक्रेत्याच्या कारखान्यांत गेली म्हणजे समोरचा सल्लागार जी यादी पुढें करील तिच्यावर पांच मिनिटांत सही करून तो मोकळा होतो. त्या यादींतील कोणतीं कामें मोटारीच्या गरजेचीं आणि कोणतीं केवळ आपल्या गळ्यांत पडणारीं, याविषयीं आज आपल्याशीं दोन शब्द बोलण्याचें मी योजिलें आहे.

मी जासईस राहतों. पनवेलहून उरणकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें हें गांव आपल्यापैकीं पुष्कळांनीं निदान धांवत्या गाडींतून पाहिलें असेल. १९८९ सालीं न्हावा-शेव्याचें जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाल्यापासून या भागांत कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरांची रांग रात्रंदिवस चालूच असते. १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडीचा अटल सेतु उघडला, तोहि समुद्र ओलांडून आमच्या शेजारीं चिर्ले येथें जमिनीवर उतरतो. भोंवतीं खाडी आणि भरावाची माती. खारा वारा, धूळ, चार महिन्यांचा पाऊस आणि खड्डे हीं सारीं दुखणीं मोटारीला येथें एकाच पत्त्यावर भेटतात. हें सांगण्याचें कारण असें कीं, ‘अनावश्यक’ हा शब्द ठिकाण सोडून वापरतां येत नाहीं. मलबार टेकडीवरील बंगल्यांत उभ्या असणाऱ्या मोटारीला जें नको, तें जासईच्या मोटारीला हवें असूं शकतें. आणि जासईच्या माणसाला धूळ दाखवून जें विकलें जातें, त्यांतील पुष्कळसें मात्र कोणालाच नको असतें.

मग निवाडा करावयाचा कसा? मोटारीबरोबर एक जाडसर पुस्तक मिळतें. बहुतेक घरांत तें समोरच्या खणांत, प्लास्टिकच्या पिशवींतून बाहेर न निघतां, मोटारीइतकेंच जुनें होतें. त्या पुस्तकांत एक कोष्टक असतें : किती किलोमीटरांनीं अथवा किती महिन्यांनीं, यांपैकीं जें आधीं येईल तेव्हां, कोणता भाग तपासावा व कोणता बदलावा. हें कोष्टक ज्यांनीं मोटार बनविली त्यांनीं लिहिलेलें आहे; कारखान्यांतील छापील यादी ज्यांना ती मोटार दुरुस्त करून चरितार्थ चालवावयाचा आहे त्यांनीं. दोन कागद शेजारीं शेजारीं ठेवले म्हणजे अर्धा निकाल तेथेंच लागतो. पुस्तकांत बहुधा आणखी एक लहानसें टिपण सांपडतें, तें धूळ, ओझें, वारंवार थांबत जाणें किंवा अगदीं जवळच्याच फेऱ्या अशा खडतर वापराविषयीं असतें. अशा वापरांत कांहीं कामें लवकर करावीं असें तेथें सांगितलेलें असतें. जासई ते उरण आणि उरण ते जासई एवढाच जिचा प्रवास, ती मोटार या टिपणाखालीं येते.

सल्लागारावर रागावण्यांत अर्थ नाहीं. तो बहुधा वीस-पंचवीस वर्षांचा पोटार्थी तरुण असतो. नव्या मोटारीच्या विक्रींत विक्रेत्याला फारसें सुटत नाहीं, तें त्याला दुरुस्तींतून काढावें लागतें. आणि त्या तरुणापुढें महिन्याचें उद्दिष्ट ठेवलेलें असतें. ज्या कामांना त्या धंद्यांत ‘व्हॅल्यू अॅडेड सर्व्हिस’ असें भारदस्त नांव आहे, तीं या उद्दिष्टाचींच अपत्यें होत. इंजिन आंतून धुणें, इंजेक्टर साफ करणें, काजळी काढणें, इंजिनाला बाहेरून चकाकी आणणें, आसनांची सुगंधी मालिश, उंदीर पळविण्याची फवारणी, टायरांत नायट्रोजन! यांपैकीं बहुतेक नांवें आपल्या पुस्तकांतील कोष्टकांत शोधून पाहावीं, सांपडत नाहींत.

आतां जीं कामें टाळूं नयेत त्यांकडे वळूं. इंजिनाचें तेल व त्याची गाळणी यांविषयीं वाद नाहीं. किलोमीटर भरले नाहींत, मोटार नुसती उभीच होती, तरी पुस्तकांतील मुदत संपली कीं तेल बदलावें. हवेची गाळणी मात्र डोळ्यांनीं पाहून ठरवावी. आमच्याकडे ती पुस्तकांतील मुदतीच्या आधींच मातीनें भरलेली दिसते, तेव्हां सल्लागार ‘बदला’ म्हणाला तर तो खोटें बोलतो असें समजूं नये. पण ‘दाखवा’ म्हणावें. ती काढावयास दोन-चार मिनिटें पुरतात.

यादींतून जें गळतें आणि ज्यावर प्राण अवलंबून असतो, अशी एक वस्तु म्हणजे ब्रेकचें तेल. आमच्या आळींतील एका निवृत्त शिक्षकांनीं गेल्या दिवाळीपूर्वीं आपल्या मोटारीच्या खर्चाचा अंदाज मला दाखविला. चकाकीचा लेप, तळाला रंग, इंजेक्टरची सफाई, गार हवेच्या यंत्राचें निर्जंतुकीकरण अशीं सात-आठ कामें त्यांत होतीं. नातवंडांना घेऊन लोणावळ्यास जावयाचें, म्हणून मोटार अगदीं ठाकठीक असावी ही त्यांची इच्छा. मीं विचारलें, “गुरुजी, ब्रेकचें तेल केव्हां बदललें होतें?” ते म्हणाले, “त्याविषयीं ते कांहीं बोलले नाहींत. मोटार घेतल्यापासून बदललें नसावें.” मोटारीला चार वर्षें झालीं होतीं, आणि पुस्तकांत दोन वर्षांची मुदत स्पष्ट छापली होती.

हें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें, हा त्याचा स्वभावच आहे. आणि खाडीकांठीं ओलाव्याला तोटा नाहीं. डॉट ४ या जातीचें कोरें तेल २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळूं नये असा मानदंड आहे. तेंच ओलावा प्याल्यावर १५५ अंशांपर्यंत टिकलें तरी पुरे मानतात. सपाट रस्त्यावर हा फरक कधींच जाणवत नाहीं. बोरघाट उतरतांना मात्र चालकाचा पाय सारखा ब्रेकवर राहतो, चाकाजवळची तबकडी तापते, तिची उष्णता तेलापर्यंत पोहोंचते, आणि तेल उकळलें कीं नळींत वाफेचे बुडबुडे धरतात. तेल दाबलें जात नाहीं, म्हणूनच पायाचा दाब चाकापर्यंत जातो. वाफ दाबली जाते. त्यामुळें पाय तळाला टेकतो आणि चाकाला कांहींच कळत नाहीं. गुरुजींच्या यादींतील एकट्या चकाकीच्या लेपाला जो खर्च लिहिला होता, त्याहून कमी खर्चांत हें तेल बदलून झालें. बाकीचीं कामें त्यांनीं रद्द केलीं. त्याच दिवशीं ब्रेकच्या पॅडांची जाडीहि मोजून घेतली; ती ३ मिलिमीटरांच्या आंत आली म्हणजे पॅड बदलण्याची वेळ आली असें सर्वसाधारणपणें धरतात. घाट खालच्या गिअरमध्यें उतरावा हें मीं त्यांना सांगूं लागलों, तेव्हां मात्र ते हंसले. तें त्यांना माझ्या जन्मापूर्वींपासून ठाऊक होतें.

गंजाचा प्रश्न इतका सोपा नाहीं. समुद्राजवळच्या माणसाला ‘तळ सडेल’ हें वाक्य ऐकविलें कीं तो निमूटपणें पैसे काढतो, आणि भीति अगदींच निराधार आहे असें मला म्हणवत नाहीं. परंतु आजच्या मोटारीचा सांगाडा कारखान्यांतच रंगाच्या हौदांत बुडवून विजेच्या साहाय्यानें लेपलेला असतो, आणि गंजाविषयींची हमी पुष्कळदां पुस्तकांतच दिलेली असते. ती आधीं वाचावी. नव्या मोटारीवर दुसरा लेप द्यावयाचाच असेल, तर तो स्वच्छ, कोरड्या पत्र्यावर द्यावा लागतो. चार पावसाळे खाल्लेल्या मोटारीचा तळ घाईघाईनें धुऊन, अर्धवट ओला असतांनाच त्यावर काळा थर फासला, तर मीठ आणि पाणी त्याखालीं कोंडलें जातें व गंज आंतल्या आंत वाढतो. वरून तळ काळाभोर दिसत असल्यानें कोणाला पत्ता लागत नाहीं. म्हणून माझें मत असें कीं, जासईच्या मोटारीला लेपापेक्षां पाण्याची गरज अधिक आहे. पावसाळ्यांत व नंतर अधूनमधून गोड्या पाण्याच्या जोरदार धारेनें चाकांच्या कमानी आणि तळ धुवावा, दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठीं जीं भोकें असतात तीं चिखलानें बुजलीं नाहींत ना हें पाहावें. लेप द्यावयाचा झालाच तर आधीं मोटार वर उचलून तळ स्वतः पाहिल्यावांचून हो म्हणूं नये.

गार हवेच्या यंत्रांत दरवर्षीं गॅस भरावा लागतो अशी समजूत घरोघर आहे. ती चुकीची आहे. तो गॅस पेट्रोलासारखा जळून संपत नाहीं. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कमी झाला असेल तर कोठें तरी गळती आहे, आणि गळती न शोधतां गॅस भरणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें. आमच्या खाऱ्या हवेंत ती गळती खरोखरच लवकर होऊं शकते, तेव्हां पैसे शोधण्यावर खर्च करावे. नायट्रोजनाविषयीं एवढेंच सांगतों कीं साध्या हवेंत शेंकडा ७८ भाग तोच असतो. दाब दर पंधरवड्यास तपासणें हें खरें काम. इंजेक्टरची सफाई, तर मोटार पहिल्या झटक्यास सुरू होत असेल, उभी असतां थरथरत नसेल आणि इंधन पूर्वीइतकेंच खात असेल, तर कशासाठीं? चाकांची रेषा सरळ करणेंहि टायर एका कडेनें झिजत असेल, मोटार एका बाजूला ओढत असेल किंवा मोठ्या खड्ड्यांत चाक आदळलें असेल तर अवश्य करावें. आमच्या रस्त्यांवर हें निमित्त वारंवार मिळतें, हें दुर्दैवानें खरें आहे. उंदरांच्या फवारणीची मी थट्टा केली खरी, पण शेतांत पाणी भरलें म्हणजे उंदीर बॉनेटखालीं येऊन तारा कुरतडतात, हेंहि आम्हांस ठाऊक आहे. त्यावर मोटार फार दिवस एकाच जागीं न ठेवणें आणि रोज सकाळीं झांकण उघडून पाहणें हा बिनखर्चाचा इलाज आधीं करावा.

डिझेलवर चालणाऱ्या, १ एप्रिल २०२० नंतरच्या मोटारींच्या मालकांसाठीं एक निराळी सूचना. त्या दिवसापासून भारत-सहा हा धुराचा निर्बंध लागू झाला, आणि या मोटारींच्या धुराच्या नळींत काजळी अडविणारी गाळणी आली. ती काजळी वेगांतील प्रवासांत तापून आपोआप जळते. गांवांतल्या गांवांत फिरणाऱ्या मोटारींत मात्र ती सांचते आणि समोर दिवा लागतो. दिवा लागतांच कारखान्याकडे धांवण्यापूर्वीं पुस्तक उघडावें. बहुधा त्यांत न थांबतां ठराविक वेगानें कांहीं वेळ मोटार चालवावी असेंच सांगितलेलें असतें. त्यासाठीं मोकळा महामार्ग पुरतो. अटल सेतूहि चालेल, मात्र तेथें टोल भरावा लागेल. एवढें करूनहि दिवा विझला नाहीं, तर मग कारखाना.

‘हें काम नाकारलें तर हमी जाईल’ या वाक्यानें पुष्कळ मंडळी नमतात. हमीसाठीं पुस्तकांतील ठरलेली निगा वेळेवर करून तिच्या पावत्या जपणें अवश्य आहे. परंतु जें काम कोष्टकांतच नाहीं, तें न केल्यानें हमी कशी जाईल? हमीच्या अटींतील कोणतें कलम, हें लेखी मागावें. बाहेरच्या कारागिराकडे जाण्याविषयींहि असाच धाक घातला जातो. यासंबंधीं भारतीय स्पर्धा आयोगाचा २५ ऑगस्ट २०१४ चा निकाल पाहण्यासारखा आहे. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून सुरू झालेल्या या प्रकरणांत सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती आपल्याच अधिकृत विक्रेत्यांपुरती राखून ठेवल्याबद्दल आयोगानें १४ मोटार-उत्पादकांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. पुढें त्यावर अपिलें झालीं. तथापि त्या निकालांत आयोगानें जें सांगितलें तें लक्षांत ठेवण्याजोगें आहे : ग्राहक बाहेर गेला एवढ्यावरून सरसकट हमी रद्द करूं नये, बाहेरच्या सदोष कामामुळें जें नुकसान झालें असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारावी.

कारखान्यांत उभें राहिल्यावर काय करावें, हें आतां थोडक्यांत. जॉब-कार्डवर सही करण्यापूर्वीं प्रत्येक ओळ वाचावी, आणि नको त्या कामावर स्वतःच्या हातानें काट मारावी. ‘सांगितल्यावांचून अधिक काम करूं नये’ एवढें त्याच कागदावर लिहावें. बदललेले जुने भाग परत मागावे. मागणार हें आधींच सांगितलें म्हणजे पुष्कळ भाग बदलण्याची गरजच उरत नाहीं असें आढळतें. पुष्कळ भगिनी सांगतात कीं त्या एकट्या गेल्या म्हणजे यादी लांबते. त्यांनीं पुस्तकांतील कोष्टकाचें पान उघडून सल्लागाराच्या टेबलावर ठेवावें आणि यांपैकीं आजचें कोणतें, एवढेंच विचारावें. सांगितलें नसतां काम करून पैसे लावले, तर प्रथम कारखान्याच्या व्यवस्थापकाला व मोटार बनविणाऱ्या कंपनीला लेखी कळवावें. तेवढ्यानें भागलें नाहीं तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें जिल्हा आयोगाकडे दाद मागतां येते. आम्हां रायगडकरांना तो अलिबागेस आहे.

टायरांविषयीं एक गोष्ट राहिली. टायरच्या बाजूवर लंबवर्तुळांत चार आंकडे उठविलेले असतात. २३२१ असे असतील तर तें टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत बनलें. नवें टायर म्हणून जें बसविलें जात आहे त्याचें जन्मवर्ष चाक चढविण्यापूर्वीं वाचावें, आणि सुट्या चाकाचेंहि वाचावें. कारण वर्षानुवर्षें डिकींत निजलेलें तें चाक नेमकें घाटांत, पावसांत आणि रात्रीं बाहेर काढावें लागतें.