नवा गुडघा आणि त्याचे दुखणे
(दीपनगर येथे दिलेले भाषण)



दीपनगरची धुराडी फार दुरून दिसतात. पण इथवर चालत येणे आपल्यातल्या पुष्कळांना जमत नाही. गुडघे धरतात. जन्मभर कपाशी वेचली, केळीचे घड वाहिले. सांध्यातली गादी झिजली आणि हाडावर हाड घासू लागले. मग डॉक्टर म्हणतात, गुडघा बदला.

बदलतात म्हणजे काय? पाय कापत नाहीत हो! हाडांची झिजलेली टोके तेवढी काढतात. त्यांवर धातू बसवतात, मधे घट्ट प्लॅस्टिकची चकती ठेवतात. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान होते तेव्हा, ऑक्टोबर २००० मध्ये, मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांचा डावा गुडघा असाच बदलला. वय होते ७५. जून २००१ मध्ये त्यांनी उजवाही बदलून घेतला.

आज आम्ही बोलणार आहोत ते घरी आल्यावरच्या दुखण्याविषयी. हाड कापलेले असते, मांस उकललेले असते. पहिले दोन आठवडे फार दुखते, मग हळूहळू उतरते. रात्री ठणका जास्त. सूज काही महिने राहते, गुडघा हाताला ऊन लागतो. जखमेच्या बाहेरच्या अंगाला कातडी बधिर होते. याला भिऊ नये.

आपली माणसे सोशिक. बायका तर जास्तच. "दुखणारच, गोळी कशाला?" म्हणून तोंड दाबून पडून राहतात. सूनही मायेने म्हणते, "आत्याबाई, आज राहू द्या, उद्या चाला." इथेच घात होतो. पाय हलवला नाही की गुडघा आखडतो. पहिल्या महिना-दीड महिन्यात वाकला नाही, तर पुढे वाकवणे फार कठीण. पैसा गेला आणि पायही ताठ राहिला! गोळी घ्यायची ती पाय हलवता यावा म्हणून.

दुखणे सोळा आणे होईपर्यंत थांबू नका. चार-सहा आणे असतानाच, लिहून दिलेल्या वेळी गोळी घ्या. व्यायामाच्या अर्धा तास आधी घेतली तर बरे. डॉक्टर विचारतील, दहापैकी किती दुखते? हिशेब तोच. खरे ते सांगा.

दुकानातून आणखी गोळी आणू नका. नावे दोन, आत औषध एकच, असे पुष्कळदा असते. जास्त झाले तर पोटात व्रण होतात, मूत्रपिंड बिघडते. काही गोळ्यांनी शौचास घट्ट होते. पाणी आणि पालेभाजी वाढवा.

बर्फ फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटे ठेवा, दिवसातून तीन-चारदा. नुसता बर्फ कातडीला लावू नये. जखम ओली होऊ देऊ नये. शेक नको, तेलाची मालिश नको, आणि बिब्बा तर नकोच नको. बिब्ब्याने कातडी पोळते. तिथून जंतू शिरले तर नवा सांधा काढावा लागतो.

गुडघ्याखाली उशी घेतली की बरे वाटते, पण पाय वाकडाच राहतो. उशी टाचेखाली घ्या. घोटा खालीवर करा. टाच सरकवत गुडघा वाकवा. वॉकर धरून थोडे-थोडे, पण पुन्हा पुन्हा चाला. उकिडवे बसणे सोडा. शौचाला खुर्ची ठेवा.

काही दुखणी मात्र वेगळी. ताप चढला, जखमेतून पू आला, लाली पसरत चालली, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. पोटरी सुजली, दाबली की कळ येते, तर ती चोळू नका. आत रक्ताची गाठ असू शकते. तेव्हाही लगेच दवाखाना गाठा. आणि एकदम धाप लागली, छातीत दुखले, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन लावा.