सरकारशी बोलणी करण्यापूर्वी

वर्ध्याजवळ धाम नदीच्या काठी पवनार येथे विनोबा भावे यांचा आश्रम आहे. भूदानाचा आरंभ 1951 साली तेलंगणात झाला आणि त्यातूनच पुढे ग्रामदान निघाले. गावाचा निर्णय बहुमताने नव्हे, सर्वांच्या संमतीने व्हावा, हा त्या विचाराचा गाभा. शहरातील सुशिक्षितांनी त्याचे कौतुक केले आणि तो अव्यवहार्य ठरविला. वर्ध्याच्या आग्नेयेस, गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचे गोंडांचे लहानसे गाव आहे. त्याने मात्र तो व्यवहारात आणून दाखविला, आणि तोही सरकारशी गाठ पडली असताना.

आदिवासी समाजाने सरकारची कामे आपल्या हाती घ्यावीत, हा प्रश्न एकट्या भारताचा नाही. अमेरिकेत 1975 च्या कायद्याने तेथील मूळच्या जमातींना, मध्यवर्ती सरकार त्यांच्यासाठी चालवीत असलेल्या योजना कराराने स्वतः चालविण्याची मुभा मिळाली. भारतात 1996 च्या पेसा कायद्याने व 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले. परंतु कायद्यात लिहिलेला अधिकार प्रत्यक्षात हाती येण्यासाठी कचेरीच्या पायऱ्या चढाव्याच लागतात, आणि तेथे रिकाम्या हाताने गेलेला मनुष्य रिकाम्या हातानेच परततो.

मेंढ्याची तयारी अभ्यासगटात होते. एखादा प्रश्न उभा राहिला की गावातील जिज्ञासू मंडळी एकत्र बसतात, कायद्याचे कलम वाचतात, आपल्या भाषेत उलगडून घेतात. बाहेरचा जाणकार बोलाविण्यास हरकत नसते. मोहन हिराबाई हिरालाल हे असेच बाहेरून येऊन गावाशी वर्षानुवर्षे जोडले गेलेले कार्यकर्ते. मात्र अभ्यासगटाला निर्णयाचा अधिकार नाही, तो ग्रामसभेचा. तेथे सर्वांची संमती होईपर्यंत विषय पुन्हा पुन्हा चर्चेस येतो. ही रीत वेळखाऊ आहे, यात शंका नाही. पण तिचा एक लाभ शहरी सभासंमेलनांना ठाऊक नसतो: बहुमताने हरलेला, रुसून बसलेला असा पक्षच गावात उरत नाही, म्हणून बाहेरच्या कोणास फोडावयासही कोणी सापडत नाही.

या तयारीची कसोटी बांबूने घेतली. 2009 साली गावाला सुमारे 1,800 हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. वनहक्क कायद्यात बांबूची गणना गौण वनोपजात स्पष्ट केलेली आहे. उलट 1927 चा जुना वन कायदा त्याला झाड मानीत होता, आणि वनखाते त्या जुन्या व्याख्येला धरून होते. वाहतुकीचा परवाना खात्याच्या हाती. परवान्यावाचून कापलेला बांबू गावाबाहेर जाणार कसा? हक्क गावाचा आणि किल्ली दुसऱ्याच्या कमरेला, असा हा प्रकार. देवाजी तोफा आणि त्यांचे गावकरी अर्जविनंत्यांवर थांबले नाहीत; कायद्याचे शब्द पुढे ठेवून ते बोलत राहिले. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यास आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले.

परवाना हाती आला म्हणजे काम संपले असे मात्र नव्हे. किती बांबू तोडावयाचा, कोणता राखावयाचा, मजुरीचा हिशेब कोणी ठेवावयाचा, हे सारे आता गावालाच पाहावे लागले. वनखात्याच्या कारकुनाचे दप्तर ग्रामसभेच्या मांडीवर येऊन बसले, असे म्हटले तरी चालेल. पुढे 2015 साली महाराष्ट्र सरकारने आदिवासी उपयोजनेच्या निधीतील 5 टक्के रक्कम पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट देण्याचे ठरविले, तेव्हा हाच हिशेबाचा प्रश्न शेकडो गावांपुढे उभा राहिला. अभ्यासाची सवय नसलेल्या गावात तो पैसा खर्चण्याचे ठरविणार कोण, सरपंच की ग्रामसेवक?

मेंढ्याने 2013 साली आणखी एक पाऊल टाकले. राज्याच्या 1964 च्या ग्रामदान कायद्याचा आधार घेऊन तेथील जमीनधारकांनी आपली शेते ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचे ठरविले. त्यांत देवाजी तोफा यांचेही शेत होते.