आजींचा जबाब

(तरुण संघाच्या सभेत केलेले भाषण)



गेल्या काही रविवारी उपासनेनंतर दोघातिघांनी मला एकच प्रश्न विचारला. पॅरालीगलचे काम मला जमेल का? त्यातली एक ताई बँकेची नोकरी सोडायला निघाली होती. म्हणून पाळकसाहेबांनी आज मला इथे उभे केले आहे.

आधी पैशांचे बोलतो. फोर्ट किंवा लोअर परळच्या मोठ्या वकिली कार्यालयांत या कामाला पगार मिळतो. कागदांची अनुक्रमणिका, तारखांची नोंद, जुने दस्त तपासणे असे ते काम असते. दुसरी वाट विधी सेवा प्राधिकरणाच्या विधी स्वयंसेवकाची. ही योजना 2009 सालची. प्रशिक्षण आणि ओळखपत्र मिळते, पण मानधन काम केलेल्या दिवसांचेच, महिन्याचा पगार नाही. तेव्हा ताई, राजीनामा लगेच देऊ नका. आणि दोन्ही वाटांनी गेलात तरी तुम्ही वकील होत नाही. 1961 च्या अधिवक्ता कायद्याप्रमाणे वकिली करण्याचा अधिकार सनद असलेल्या वकिलालाच आहे. चारचौघांत बोलण्याची हौस असेल, तर सरळ कायद्याची पदवी घ्या.

मग उरते काय? उरतो कागद. लालबाग-परळच्या घरांना हे वेगळे सांगायला नको. गिरणी कामगारांच्या घरांसाठी 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर कामावर असल्याचा पुरावा मागितला गेला, तेव्हा आपल्या चाळींतून किती ट्रंका उघडल्या गेल्या! तिकीट नंबर, पगाराची पावती, फंडाचा कागद. ज्याचा कागद पुरात भिजला त्याने काय करायचे?

पालघर जिल्ह्यातल्या वारली किंवा कातकरी कुटुंबापुढे तारीख आहे 13 डिसेंबर 2005. वन हक्क कायदा 2006 सालचा. त्या तारखेपूर्वीपासून ते कुटुंब ती वनजमीन कसत आले, हे दाखवावे लागते. ट्रंकेत कागद नसला तरी वाट बंद होत नाही. शेताचा बांध, विहीर, पूर्वजांच्या दफनाची जागा हाही पुरावा धरतात. गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालतो. अतिक्रमण म्हणून वनखात्याने पूर्वी केलेल्या दंडाची पावती तर फार उपयोगी पडते. ज्या कागदाने माणसाला गुन्हेगार ठरवले, तोच त्याच्या बाजूने साक्ष देतो.

अशाच एका दाव्यासाठी मी शेजारच्या आजींचा जबाब लिहून घेतला होता. काम नवे होते, भाषा चांगली असावी असे वाटले. मी लिहिले, "सदर कुटुंब अनेक वर्षांपासून जमीन कसत आहे." आजींना वाचून न दाखवताच अंगठा घेतला. दावा परत आला, पुरावा मोघम म्हणून. पुन्हा गेलो तेव्हा आजींनी विचारले, मी सांगितले ते तू लिहिलेस कुठे? त्यांनी सांगितले होते की, माझा थोरला रांगत होता त्या वर्षी यांनी बांध घातला. थोरल्याचा शाळेचा दाखला घरातच होता, त्यावर जन्मसाल होते. माझ्या चांगल्या भाषेने ते साल पुसून टाकले होते. त्या कुटुंबाचा एक पावसाळा माझ्यामुळे धाकधुकीत गेला.

तेव्हापासून मी लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवतो. कंटाळवाणे काम आहे. एकेका ओळीवर घरातली चार माणसे वाद घालतात, कोंबडी मध्येच येते, दुपार उलटते. या दुपारी तुम्हाला बसवेल का, एवढेच मी विचारतो. ग्रामसभेच्या किंवा उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायला 60 दिवस असतात. तेवढ्यात कुटुंब वीटभट्टीवर निघून गेलेले असते. त्यांना शोधत भट्टीवर जावे लागते. लूकच्या 18 व्या अध्यायातील विधवेवरून आपण प्रार्थनेतली चिकाटी शिकतो, ते योग्यच आहे. मला मात्र तिने घातलेल्या फेऱ्याही दिसतात.

एक गोष्ट आपल्या मंडळीला स्पष्टच सांगतो. अर्ज भरताना उपासनेचे आमंत्रण देऊ नये. समोरचा माणूस गरजेत असतो, त्याला नाही म्हणता येत नाही. तसेच त्याच्या घरातले ऐकलेले प्रार्थनेच्या विनंतीच्या नावाखालीही बाहेर सांगू नये. हे ज्याला अवघड वाटते, त्याने या सेवेत न आलेले बरे.

ज्यांना अजून ठरवायचे आहे त्यांनी एक दिवस रजा काढून भोईवाडा कोर्टात मागच्या बाकावर बसावे. खुल्या कोर्टात कोणालाही बसता येते. वकिलांकडे कमी आणि बाहेर हातात पिशवी घेऊन थांबलेल्या माणसांकडे जास्त पाहा. दुसऱ्या दिवशीही जावेसे वाटले, तर मला सांगा. पुढच्या फेरीला मी सकाळच्या डहाणू लोकलने दादरहून निघेन. वही आणा, डबा आणा, आणि परतीची वेळ घरी सांगू नका.